पडणे आणि उतरणे
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गुणगौरवाच्या प्रसंगी दिलेले व्याख्यान)



आपल्या मंडळाच्या व्यासपीठावरून आजवर अनेक विद्वानांची व्याख्याने झाली आहेत. ज्याच्या आयुष्याचा मोठा भाग आकाशाकडे पाहण्यात गेला अशा माणसाला त्या मालिकेत उभे करण्यात आपल्या चिटणिसांनी थोडे धाडसच केले आहे. विमानविद्येवर काहीतरी सांगा, म्हणजे मुलांना स्फूर्ती मिळेल, अशी त्यांची आज्ञा होती. परंतु आकाशात उंच जाण्याविषयी स्फूर्ती देणारे पुष्कळ आहेत. मी आज खाली येण्याविषयी बोलणार आहे. आणि तेही विमानतळावर नव्हे, तर वाटेतल्या एखाद्या परक्या शेतात. व्याख्यानाचे नाव काहींना चमत्कारिक वाटले असेल. ते मला एका शेतकरी आजीने दिलेले आहे. त्याचा उलगडा यथावकाश होईलच.

प्रथम ग्लायडर म्हणजे काय हे थोडक्यात सांगितले पाहिजे. ग्लायडर हे इंजिन नसलेले विमान. जमिनीवरील विंचच्या साह्याने तार ओढून, अथवा दुसऱ्या विमानाच्या मागे दोर बांधून, ते वर नेतात आणि तेथे सोडून देतात. सुटल्या क्षणापासून ते सभोवतालच्या हवेतून सतत खाली घसरत असते. उतारावरून सायकल जशी पायडल न मारता धावते, तसेच ते धावते. मग ते तासन्तास आकाशात राहते कसे? उन्हाने जमीन तापते, जमिनीमुळे हवा तापते, आणि ती तापलेली हवा स्तंभाप्रमाणे वर चढू लागते. त्या स्तंभात घिरट्या घालीत राहिले, तर हवा ज्या वेगाने वर चढते तो वेग ग्लायडरच्या घसरण्याच्या वेगाहून अधिक असल्यामुळे ते वर जाते. उन्हाळ्यातील दुपारी पंख न हलविता गोलगोल फिरत उंच जाणारी घार आपण सर्वांनी पाहिली आहे. ग्लायडरच्या वैमानिकाचा पहिला गुरू तीच होय.

आपल्या महाराष्ट्राचा या विद्येशी जुना संबंध आहे. स्वातंत्र्यानंतरच्या काळात पुण्याजवळ हडपसर येथे सरकारी ग्लायडिंग केंद्र निघाले आणि तेथे अनेक तरुणांनी विमानविद्येची मुळाक्षरे गिरविली. १९६१ साली 'रोहिणी' हे दोन आसनांचे शिकाऊ ग्लायडर आपल्या देशातच तयार होऊन प्रथम उडाले. मी स्वतः शिकलो तो क्लब दुसरा होता. पुढे जे सांगावयाचे आहे त्यात त्याचे नाव घेण्याचे कारण नाही. कारण दोष क्लबाचा नव्हता, आम्हा माणसांचा होता.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. वर चढणारी हवा ही कोणाच्या हुकमतीत नसते. ढग आला, ऊन मंदावले, किंवा वैमानिकाचा अंदाज चुकला, की आधार सुटतो. मग हातात उरलेली उंची हीच काय ती शिल्लक. ती शिल्लक किती पुरते? आमच्या शिकाऊ ग्लायडरचे गणित एकास वीस असे होते. म्हणजे एक मीटर उंची खर्चून वीस मीटर पुढे जावयाचे. आजच्या उत्तम ग्लायडरमध्ये हे प्रमाण एकास पन्नासच्याही पुढे गेले आहे. तीन हजार फूट, म्हणजे सुमारे नऊशे मीटर उंचीवर आपण आहो असे धरा. एकास वीसच्या हिशेबाने अठरा किलोमीटर जाता येईल. परंतु हा हिशेब शांत हवेचा झाला. ग्लायडर ताशी पंचाहत्तर किलोमीटर वेगाने चालले असताना समोरून पंचवीसचा वारा असेल, तर जमिनीवरचा वेग पन्नास उरतो आणि अठराचे बारा होतात. आणि ज्या अर्थी एके ठिकाणी हवा वर चढते, त्या अर्थी दुसऱ्या ठिकाणी ती खाली उतरत असलीच पाहिजे. सेकंदाला अवघ्या एक मीटरने खाली जाणाऱ्या हवेत आपण सापडलो, की बाराचे सहा! अठरा किलोमीटरचा धनी पाहता पाहता सहा किलोमीटरचा होतो. ज्याला हे गणित उमगले, त्याला परक्या शेतात उतरण्याचे आश्चर्य वाटत नाही. ग्लायडरच्या लांब पल्ल्याच्या उड्डाणात शेतात उतरणे हा अपघात नव्हे; तो त्या विद्येचाच एक धडा आहे. जगातील नामांकित वैमानिकही शेतांत उतरले आहेत.

हा धडा ज्या नियमांनी शिकवितात, ते नियम उंचीप्रमाणे बांधलेले आहेत. जमिनीपासून सुमारे दोन हजार फुटांवर आलो, की मुक्कामाचा विचार बाजूस ठेवून उतरण्यायोग्य प्रदेशाकडे वळावे. दीड हजार फुटांवर एक विशिष्ट शेत निश्चित करावे. हजार-आठशे फुटांवर त्या शेताभोवतीची फेरी सुरू करावी, आणि एकदा फेरी सुरू झाली की वर चढणारी हवा लागली तरी तिच्या मोहात पडू नये. हे आकडे डोंगराळ प्रदेशात किंवा नवशिक्या वैमानिकासाठी अधिक ठेवावे लागतात. पण क्रम बदलत नाही. या क्रमाचे मर्म असे, की उंची पुष्कळ असताना पर्याय पुष्कळ असतात व मन शांत असते. उंची संपत आली, की पर्याय एकच उरतो आणि मनही त्या वेळी ठिकाणावर नसते. म्हणून ज्या वेळी निर्णयाची निकड भासत नाही, त्याच वेळी तो घेऊन ठेवावयाचा असतो.

शेत निवडण्याची विद्या आपल्यापैकी शेतीशी संबंध असलेल्यांना मनोरंजक वाटेल. आकाशातून सर्वांत सुंदर दिसतो तो ऊस. दोन हजार फुटांवरून तो हिरव्या मखमलीसारखा भासतो, आणि नवशिक्याला वाटते, येथेच टेकावे. प्रत्यक्षात तो पुरुषभर उंचीहूनही वर गेलेला असतो. त्यात एक पंख अडकला, की ग्लायडर गर्रकन फिरून मोडते. माळरान दुरून मोकळे दिसते, पण गवतात धोंडे दडलेले असतात. नांगरलेल्या रानात उतरणे भागच असेल, तर तासांच्या दिशेने उतरावे, आडवे नव्हे. ज्वारी किंवा गहू काढून मोकळे झालेले सपाट रान मिळाले, तर वैमानिकाने देवाचे आभार मानावे.

मग उतार पाहावयाचा. फार उंचीवरून सगळीच जमीन सपाट दिसते. हजार फुटांवरूनही जर उतार डोळ्यांना जाणवत असेल, तर तो खरोखरच मोठा आहे असे समजावे, आणि तेथे उतरणे टळतच नसेल तर चढाच्या दिशेने उतरावे. वाऱ्याची दिशा धुरावरून कळते. हंगामात गुऱ्हाळाचा धूर हा वैमानिकाचा मोठा मित्र. शेताच्या तोंडाशी झाडे असतील, तर त्यांच्या उंचीच्या सुमारे दहा पट लांबी शेतातून वजा करावी. पन्नास फुटांचे झाड शेताचे पाचशे फूट खाऊन टाकते. आणि सर्वांत कपटी अडथळा म्हणजे विजेच्या तारा. तारा वरून दिसतच नाहीत. म्हणून तारा न शोधता खांब शोधावे. आपल्याकडे आणखी एक खूण आहे. जेथे विहीर आहे तेथे बहुधा पंप असतो, आणि जेथे पंप आहे तेथे तार गेलेली असणारच. शेवटी गुरे. बैल एकवेळ जागचा हलणार नाही, पण म्हशी कोणत्या दिशेला जातील याचा अंदाज कोणत्याही पुस्तकात दिलेला नाही.

मित्रहो, हे नियम काही अवघड नाहीत. शाळकरी मुलगाही ते तासाभरात पाठ करील. मग चांगली शिकलेली माणसे शेताच्या नादात प्राण का गमावतात? या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच मी आज उभा आहे, आणि ते देताना मला माझी स्वतःची एक चूक आपल्यापुढे कबूल करावयाची आहे.

माझा एक सहाध्यायी होता. हात अत्यंत कुशल, स्वभाव गरीब. एका दुपारी तो वाऱ्याबरोबर पूर्वेकडे फार लांब गेला आणि परत येणे जमत नाही असे दिसताच ज्वारी काढलेल्या एका रानात उतरला. ग्लायडरला ओरखडाही उठला नाही. आज मी शिक्षक असतो, तर त्या उतरण्याला शंभरपैकी शंभर गुण दिले असते. परंतु त्या दिवशी आम्ही काय केले? ग्लायडरचे पंख सोडवून ते गाडीवर चढवून आणण्यात आमची रात्र गेली होती, आणि त्याचा राग आम्ही थट्टेने काढला. 'बैलगाडीने परतणारा वैमानिक' असे नाव त्याला पडले. ते नाव ठेवणारा मी होतो. तो हसला, पण ते त्याच्या मनाला लागले, हे मला पुढे कळले.

तीन आठवड्यांनी पुन्हा तोच प्रसंग त्याच्यावर आला. त्या दिवशी त्याच्या घरची मंडळी उड्डाण पाहावयास आली होती. तो मैदानापासून तीन किलोमीटरवर असताना त्याची उंची हजार फुटांच्या आसपास होती, आणि त्याच्या खाली उत्तम मोकळे रान पसरलेले आम्हाला मैदानावरून दिसत होते. शांत हवेत तो सहज पोहोचला असता. पण वारा समोरचा होता आणि मध्ये हवा खाली ओढणारी होती. त्याने ते रान ओलांडले. मग दुसरे ओलांडले. कुंपणापर्यंत तो आला तेव्हा उंची दीडशे फूटही नव्हती, आणि धावपट्टीशी समांतर होण्यासाठी त्याला वळणे भाग होते.

येथे काय घडते ते समजून घेतले पाहिजे. पंखाला उचलून धरण्यासाठी हवा विशिष्ट कोनातून वाहावी लागते. जमीन जवळ आली, की माणसाचा हात नकळत कांडी मागे ओढतो. नाक वर होते, वेग घटतो, पंखाचा कोन मर्यादेबाहेर जातो आणि पंख हवेची पकड सोडतो. यालाच वैमानिक स्टॉल म्हणतात. वळणात असताना, विशेषतः घाईने पायाने जास्त वळविले असता, आतला पंख आधी पकड सोडतो आणि ग्लायडर त्या अंगावर गरगरत खाली कोसळते. उंची असेल तर यातून सावरता येते, दीडशे फुटांवर येत नाही. ग्लायडरचा आद्य आचार्य ऑटो लिलिएंथाल हा जर्मन संशोधक सुमारे दोन हजार उड्डाणे करूनही ९ ऑगस्ट १८९६ रोजी अशाच स्टॉलमुळे पंधरा-एक मीटरवरून कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मृत्यू पावला. माझा मित्र तर दुसरा दिवसही पाहू शकला नाही.

चौकशीत त्याच्या मृत्यूचे कारण 'कमी उंचीवरील वळणात वेग गमावणे' असे लिहिले गेले. ते खरेच होते. परंतु त्या कारणामागे आणखी एक कारण होते, आणि ते कोणत्याही अहवालात येत नाही. त्याने ते पहिले रान ओलांडले, ते त्याला शेत ओळखता येत नव्हते म्हणून नव्हे. तीन आठवड्यांपूर्वी त्याने ते उत्तम रीतीने ओळखले होते, आणि त्याबद्दल आम्ही त्याला हसलो होतो. या वेळी खाली शेत आणि समोर घरची माणसे व आम्ही. आमच्या हसण्यापेक्षा त्याने वळण पत्करले. हा माझा तर्क आहे, असे कोणी म्हणेल. असेल, परंतु हा तर्क मी आज कित्येक वर्षे उराशी बाळगून आहे.

पुढच्या हंगामात माझी पाळी आली. चैत्रातली दुपार होती. मी मैदानापासून आठ किलोमीटर पूर्वेस, दोन हजार फुटांवर होतो. पश्चिमेला हँगरचे पत्रे उन्हात चमकत होते. मनात हिशेब केला. सहाशे मीटर गुणिले वीस, बारा किलोमीटर. समोरच्या वाऱ्यामुळे त्याचे आठ. कागदावर मी बरोबर मैदानापर्यंत पोहोचत होतो, आणि हाताशी एक फूटही शिल्लक उरत नव्हती. मोह कसा असतो म्हणून सांगू! ते चमकणारे पत्रे जणू हाका मारीत होते. त्या क्षणी मला मित्राची आठवण झाली आणि मी पत्र्यांकडे पाठ फिरविली. खाली गहू काढलेले एक लांब रान दिसले. विहीर दिसली, विहिरीकडे जाणारे खांब दिसले. ते टाळून पलीकडच्या अंगाने फेरी घेतली. वेग ताशी नव्वदच्या खाली येऊ दिला नाही. कारण वेग कमी झाला तर स्टॉल, आणि फाजील वाढला तर शेत अपुरे. वेग सत्तरवरून शंभर झाला, तर थांबविण्याची शक्ती दुप्पट होते, हेही विसरून चालत नाही. एअरब्रेक उघडले, बांध खालून गेला, चाक टेकले, आणि सगळे शांत झाले.

लिंबाच्या सावलीला एक आजी बसल्या होत्या. त्या न घाबरता काठी टेकीत जवळ आल्या. पंखाला हात लावून पाहिला, मग मला आपादमस्तक न्याहाळले आणि विचारले, "पडलास व्हय रं पोरा, का उतरलास?"

मी म्हटले, "उतरलो, आजी."

"मग बस सावलीला. पानी पी," त्या म्हणाल्या.

त्या आजींनी एका वाक्यात जे सांगितले, ते मला सर्व पुस्तकांत मिळून सापडले नव्हते. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. ग्लायडर शेतात आहे, मैदानावर नाही. परंतु जो अजून हातात पर्याय असताना स्वतःच्या निर्णयाने खाली येतो, तो उतरतो. जो पर्याय संपेपर्यंत थांबतो, तो पडतो. मी त्या शेताच्या मालकाची क्षमा मागितली, मोडलेल्या बांधाची भरपाई देऊ केली. ती त्यांनी घेतली नाही. परक्याच्या शेतात उतरणाऱ्याने आधी क्षमा मागावी आणि मग आभार मानावे, हाही या विद्येतील एक नियमच आहे.

हे केवळ छोट्या ग्लायडरपुरते आहे असे कोणी समजू नये. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एका बोईंग ७६७ विमानाचे इंधन एक्केचाळीस हजार फुटांवर असताना संपत आले. किलोग्रॅम आणि पौंड यांच्या गल्लतीमुळे इंधन कमी भरले गेले होते. विमानात एकोणसत्तर माणसे. कप्तान रॉबर्ट पिअर्सन हा ग्लायडर चालविणारा होता. विनिपेगपर्यंत पोहोचत नाही हे दिसताच त्याने तो विचार सोडला आणि गिमली येथील जुन्या लष्करी विमानतळाकडे वळला. तेथील धावपट्टीवर त्या वेळी मोटारींच्या शर्यती भरत असत. उंची जास्त उरली, ती त्याने ग्लायडरप्रमाणे विमान तिरके सरकवून कमी केली. सर्व माणसे वाचली.

दुसरे उदाहरण १५ जानेवारी २००९ चे. न्यूयॉर्कमध्ये विमान उडाल्यावर थोड्याच वेळात पक्ष्यांच्या थव्यामुळे दोन्ही इंजिने बंद पडली. कप्तान चेस्ली सलनबर्गर याने तरुणपणी हवाई दलाच्या अकादमीत ग्लायडर शिकले होते. मागे विमानतळ होता, पुढे आणखी एक होता, आणि नियंत्रण कक्षातून दोन्हींची वाट मोकळी करून देण्यात येत होती. त्याने दोन्ही नाकारून हडसन नदीत विमान उतरविले. एकशे पंचावन्न माणसे जिवंत बाहेर आली. पुढे चौकशीत यंत्रावर तो प्रसंग पुन्हा करून पाहण्यात आला. क्षणाचाही विलंब न करता मागे वळले तर काही वेळा विमानतळ गाठता येत होता. परंतु माणसाला विचार करण्यास लागणारे पस्तीस सेकंद धरले, तर गाठता येत नव्हता. पस्तीस सेकंद! अठरा किलोमीटरचे सहा कसे होतात, हे ज्याने तरुणपणी पाहिले होते, त्याला या पस्तीस सेकंदांची किंमत ठाऊक होती.

आज ग्लायडरमध्ये उपग्रहांच्या साह्याने चालणारी यंत्रे आली आहेत. आपण मैदानापर्यंत पोहोचू की नाही, ती क्षणोक्षणी सांगतात. त्यांचे मोल मी मुळीच कमी मानीत नाही. परंतु पुढे हवा किती खाली ओढील, हे त्यांना नक्की सांगता येत नाही. शेतातील तार त्यांना दिसत नाही. आणि मैदानावर उभे असलेले लोक आपल्याला हसतील काय, हा जो प्रश्न वैमानिकाच्या मनात चाललेला असतो, त्याचे उत्तर तर कोणत्याही यंत्रात नाही. ते उत्तर मैदानावर उभे असलेल्या माणसांनी द्यावयाचे असते.

बंधुभगिनींनो, येथे मी आपल्या मंडळाकडे वळतो. आज आपण आपल्या मुलामुलींचा गौरव केला. वरच्या श्रेणीत आलेल्यांना पदके दिली, आणि ते योग्यच झाले. परंतु याच सभागृहात मागच्या रांगांत अशीही काही मुले असतील, की ज्यांनी एखादा अभ्यासक्रम आपल्याला झेपत नाही हे वेळीच ओळखून सोडला, किंवा एखादा उद्योग कर्ज वाढण्याआधी बंद केला. आपल्या ज्ञातीत बातमी वाऱ्यापेक्षा वेगाने पसरते. कोणाचा मुलगा काय सोडून परत आला, हे तो घरी पोहोचण्याआधी चार घरांत कळलेले असते, आणि त्याला नावेही पडलेली असतात. असे नाव ठेवणाऱ्यांपैकी मी एक आहे, आणि त्याची किंमत मी पाहिली आहे. म्हणून माझी आपणांस हात जोडून विनंती आहे. असा मुलगा किंवा मुलगी आपल्या दारात आली, तर त्या आजींप्रमाणे आधी विचारा, "पडलास, की उतरलास?" आणि उतरला असेल, तर त्याला सावली द्या, पाणी द्या. त्याचे विमान शाबूत आहे. उद्या ते पुन्हा उडेल.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी ज्यांना वैमानिक व्हावयाचे आहे त्यांना शेवटी एवढेच सांगतो. उंच जाण्याची उमेद अवश्य बाळगा. पण उड्डाणाच्या आधीच मनाशी ठरवून ठेवा, की अमुक उंचीला मी घराचा विचार सोडीन. आणि ती उंची आली, की घर कितीही जवळ दिसत असले, तरी तो शब्द मोडू नका. तुम्हाला आणावयाला गाडी घेऊन आम्ही येऊ. रात्र झाली तरी येऊ. आणि या वेळी हसणार नाही.